वॉर्म लाइट म्हणजे मंद लाइट नव्हे

थेरपीच्या खोलीविषयी कुठेही वाचायला घ्या, एक सल्ला हमखास भेटतो: ‘वॉर्म लाइट लावा, समोरचा माणूस मोकळा होतो.’ मग कुणीतरी ट्यूबलाइट काढून छतात सहा पिवळे एलईडी बसवतं आणि तरीही त्या खोलीत बसावंसं वाटत नाही. कारण सल्ला देणाऱ्याच्या मनात मंद प्रकाश होता आणि ऐकणाऱ्याने आणला पिवळा प्रकाश. दिव्याचा रंग वेगळा, दिव्याची प्रखरता वेगळी. ही गल्लत समुपदेशकांच्या बोलण्यात, खोली सजवून देणाऱ्यांच्या बोलण्यात, अगदी प्रशिक्षणाच्या टिपणांतही इतक्यांदा दिसते की आता ती एकदा नीट सोडवायलाच हवी.

रंगाबद्दल फार सांगायला नको, ते बहुतेकांना ठाऊक असतं. बल्बच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो. २७०० म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बसारखा, ४००० च्या आसपास साधा पांढरा, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. प्रखरतेचे आकडे निराळे: दिव्यातून एकूण किती प्रकाश निघतो ते ल्युमेन, आणि एखाद्या पृष्ठभागावर दर चौरस मीटरला त्यातला किती पडतो ते लक्स. वॅट म्हणजे वीज किती लागते, एवढंच. गाण्याची पट्टी आणि आवाजाची पातळी जशा एकमेकींपासून मोकळ्या, तसे केल्विन आणि लक्स. पट्टी खाली आणली म्हणून आवाज लहान होत नाही.

गल्लत झाली कशी, तेही समजण्यासारखं आहे. तारेचा जुना बल्ब रेग्युलेटरने कमी केला की तार कमी तापायची, त्यामुळे प्रकाश घटायचा आणि सोबत लालसरही व्हायचा. मावळतीलाही उजेड कमी होता होता रंग बदलतो. दोन्ही गोष्टी हातात हात घालून येताना पाहायची डोळ्यांना सवयच झाली. एलईडीने ही जोडी तोडली. साधा २७०० केल्विनचा एलईडी डिमरवर कितीही खाली आणा, तो २७०० च्या जवळपासच राहतो. मंद होताना पिवळेही होत जाणारे एलईडी मिळतात, पण ते मुद्दाम तसे बनवलेले असतात आणि मागून घ्यावे लागतात.

दोन्ही गोष्टींचा एकमेकींवर काहीच परिणाम नाही, असंही नाही. १९४१ मध्ये आरी क्रुइथॉफ या डच भौतिकशास्त्रज्ञाने एक आलेख मांडला. त्याचा मथितार्थ असा, की कमी प्रकाशात निळसर रंग उदास वाटतो आणि भरपूर प्रकाशात पिवळा रंग विचित्र वाटतो. पुढच्या प्रयोगांत तो आलेख जसाच्या तसा टिकला नाही, तरी ६५०० चा दिवा मंद करून पाहिलेल्या कुणालाही त्यातला पहिला भाग पटेल. खोली राखाडी होते, माणसं आजारी दिसतात. म्हणून थेरपीच्या खोलीत मी २७०० ते ३००० च सांगते आणि त्यावर वाद घालत नाही. पण रंगाचं काम तिथेच संपतं.

‘वॉर्म लाइट’च्या बाजूने ज्या अभ्यासाचा दाखला दिला जातो, तोही बहुतेकदा प्रखरतेचाच असतो. २००६ मध्ये मिवा आणि हान्यू या जपानी संशोधकांनी समुपदेशनाच्या खोलीत विद्यार्थ्यांच्या मुलाखती घेतल्या. काही मंद प्रकाशात, काही प्रखर प्रकाशात. मंद प्रकाशात विद्यार्थी जास्त सैलावले, मुलाखत घेणाऱ्याविषयी त्यांचं मत जास्त चांगलं झालं आणि स्वतःविषयी ते जास्त बोलले. निष्कर्ष मंद आणि प्रखर यांच्याबद्दल आहे. पिवळा बल्ब लावला की माणूस बोलू लागतो, असं त्यातून निघत नाही.

आता खरी मेख. ‘ठीक आहे, मग मंद करू’ म्हणून सगळे दिवे निम्म्यावर आणले तरी काम होतंच असं नाही. खोली मंद असणं आणि चेहरा अंधारात असणं यांत फरक आहे, आणि बहुतेक खोल्या नेमक्या इथे चुकतात. लक्स मोजतात ते टेबलावर किंवा जमिनीवर. थेरपीत टेबलाकडे कोण बघतं? तास-पाऊण तास दोन माणसं एकमेकांच्या चेहऱ्याकडे बघत असतात. चेहरा उभा असतो आणि उभ्या पृष्ठभागावर किती प्रकाश पडतो याचा हिशेब वेगळा. ईएन १२४६४-१ या युरोपीय प्रकाशमानकात हा हिशेब स्वतंत्र दिला आहे. बसलेल्या माणसाच्या चेहऱ्याच्या उंचीवर सर्व बाजूंनी येणाऱ्या प्रकाशाची सरासरी घ्यायची. साधारण वापराच्या खोलीत ती किमान ५० लक्स असावी आणि जिथे समोरासमोर नीट संवाद व्हायला हवा तिथे १५० लक्स. छतातला दिवा टेबलावर ३०० लक्स देत असतानाही चेहऱ्यावर यातलं फार थोडं पोचू शकतं.

छतात बुजवलेल्या, थेट डोक्यावर येणाऱ्या दिव्यांवर माझा सगळ्यात जास्त राग आहे. असा दिवा खुर्चीच्या वर असला की कपाळ आणि नाकाचा शेंडा चमकतो, भुवयांची सावली डोळ्यांवर पडते आणि डोळ्यांच्या जागी दोन काळे खळगे उरतात. ओठांखाली आणखी एक सावली. असा चेहरा थकलेला किंवा रागावलेला दिसतो, मनात काहीही असो. थेरपिस्टच्या चेहऱ्यावर नापसंती आहे का, हे क्षणाक्षणाला तपासणाऱ्या माणसासमोर असा चेहरा धरणं मला क्रूर वाटतं. दिवा २७०० चा असला म्हणून त्या सावल्या हलत नाहीत.

खिडकीचा प्रश्न याहून मोठा. थेरपिस्टच्या खुर्चीमागे खिडकी असेल तर दिवसा क्लायंटला दिसते ती फक्त आकृती. डोळे मागच्या उजेडाला जुळवून घेतात आणि पुढचा चेहरा काळवंडतो. त्याच खिडकीचा उजेड क्लायंटच्या चेहऱ्यावर मात्र भरपूर पडतो, त्याच्या पापणीची हालचालसुद्धा थेरपिस्टला टिपता येते. म्हणजे एकाचं सगळं दिसतंय आणि दुसऱ्याचं काहीच नाही. ही चौकशीच्या खोलीची मांडणी झाली. तिथे बसलेल्या माणसाला कारण सांगता येणार नाही. फार तर ‘आज जमलं नाही’ म्हणेल. आणि थेरपिस्टला पत्ता नसतो, कारण त्याच्या खुर्चीवरून खोली सुंदर दिसते. उपाय फुकट आहे: दोन्ही खुर्च्या फिरवा, खिडकी दोघांच्या कडेला येऊ द्या. खुर्च्या हलत नसतील तर झिरझिरीत पडदा. संध्याकाळी थेरपिस्टच्या खांद्यामागे एकच उभा दिवा लावणं ही याच चुकीची दुसरी आवृत्ती.

मग प्रकाश कुठून यावा? भिंतीवरून आणि छतावरून परतून. तोंड वर केलेला उभा दिवा छत उजळतो, छत खोली उजळतं, आणि चेहऱ्यावर चारी बाजूंनी मऊ प्रकाश येतो. जोडीला एक-दोन शेडचे दिवे, तेही असे की कुठल्याही खुर्चीतून बल्ब स्वतः दिसता कामा नये. उघडा बल्ब नजरेच्या टप्प्यात आला की तो बोचतो, मग तो कितीही पिवळा असो. खोली मंद आणि तो एक बिंदू तेजस्वी असेल तर जास्तच बोचतो.

थेरपिस्ट खोलीचा प्रकाश स्वतःच्या डोळ्यांनी ठरवतो, हीसुद्धा अडचणच आहे. तो सकाळपासून आत बसलेला असतो. क्लायंट बाहेरून येतो. ढगाळ दिवसालाही बाहेर हजारो लक्स असतात, उन्हात लाखाच्या घरात. तिथून शंभर लक्सच्या खोलीत आलेल्याला पहिली काही मिनिटं सगळं काळोखं दिसतं, आणि नेमकी तीच मिनिटं सर्वांत अवघड असतात. म्हणून सुरुवातीला दिवे थोडे जास्त ठेवावेत आणि बोलणं लागल्यावर सावकाश उतरवावेत. वयाचंही तसंच. साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. तरुण थेरपिस्टला जी खोली निवांत वाटते, ती आजोबांच्या वयाच्या माणसाला अंधारी असू शकते. कमी ऐकू येणारी माणसं ओठ बघून समजून घेतात, त्यांना तर उजळ चेहरा हवाच. आणि ज्यांच्यावर अंधारात अत्याचार झाले त्यांच्यासाठी मंद प्रकाश म्हणजे सुरक्षितता, असं कुणीही परस्पर ठरवू नये. डिमर क्लायंटच्या हाताशी असावा आणि पहिल्याच भेटीत ‘उजेड ठीक आहे ना?’ असं विचारलं जावं.

बाकीचे गोंधळ लहान आहेत. लाइट थेरपी, म्हणजे हिवाळी नैराश्यासाठी १०,००० लक्सच्या पेटीसमोर साधारण अर्धा तास बसणं, हा उपचार आहे. खोलीच्या दिव्यांशी त्याचा संबंध नाही. खोक्यावर सीआरआयचा, म्हणजे त्या उजेडात वस्तूंचे रंग किती खरे दिसतात याचा, आकडा असतो, तो ९० च्या वरचा बघा. ८० चा आणि ९५ चा, दोन्ही बल्ब २७०० चे असले तरी त्वचेचा रंग एकात फिका आणि दुसऱ्यात जिवंत दिसतो.

डिमर मात्र बघून घ्या. काही डिमर एलईडी मंद करण्यासाठी तो सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतात. लुकलुक डोळ्यांना थेट दिसली नाही, तरी काहींचं डोकं त्याने दुखतं. अर्धशिशी असणाऱ्यांना जास्त त्रास होतो. दिवा मंद करा, मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये त्याचं चित्रण करा. पडद्यावर पट्टे सरकताना किंवा उजेड धडधडताना दिसला तर डिमर किंवा बल्ब बदला. ही तपासणी दिवा पूर्ण प्रखर असताना करून उपयोग नाही, कारण बरीच लुकलुक मंद केल्यावरच सुरू होते.

ऑनलाइन सेशनमध्ये चेहऱ्याचा तोच नियम आणखी कडक होतो. मागे खिडकी असली की कॅमेरा तिच्या उजेडाला धरून चित्र गडद करतो आणि तुम्ही सावली होता. खिडकीकडे तोंड करून बसा. संध्याकाळी दिवा स्क्रीनच्या मागच्या भिंतीवर टाका, म्हणजे तो परतून चेहऱ्यावर येईल. गोल रिंगलाइट नको. चष्म्यात त्याची दोन पांढरी कडी उमटतात आणि डोळे त्यांच्यामागे हरवतात.