तुंबा, मोटारगाडीचा

तुंबा, मोटारगाडीचा : चाक ज्याच्यावर बोल्टांनी आवळलेले असते आणि जो बेअरिंगच्या (घर्षण कमी करणाऱ्या, गोळे किंवा रूळ घातलेल्या कड्यांच्या) आधाराने चाकाबरोबर फिरतो, तो चाकाच्या मध्यभागाचा धातूचा भाग. बैलगाडीच्या चाकाचे आरे ज्या लाकडी ठोकळ्यात बसवतात त्याला तुंबा म्हणतात. भोपळ्यासारख्या फुगीर आकारावरून हे नाव पडले असावे. वैदिक वाङ्मयात याच भागाला नाभी म्हटले आहे. नागपूरच्या गॅरेजांत हब हा शब्द रूढ आहे, आणि हब गेला असे म्हणतात तेव्हा बहुधा त्यातील बेअरिंग झिजलेले असते.

तुंब्यात फिरते गोळे किंवा रूळ घालण्याची कल्पना केव्हा सुचली, याविषयी मतभेद आहेत. डेन्मार्कमधील डायब्यर्ग येथील दलदलीत १८८० नंतरच्या काही वर्षांत दोन गाड्यांचे अवशेष मिळाले. त्या सामान्यतः इ.स.पू. पहिल्या शतकाच्या सुमाराच्या मानल्या जातात. त्यांच्या तुंब्यांतील खाचांत लाकडी काड्या आढळल्याने काही अभ्यासकांनी त्यांना रूळ-बेअरिंगचा पहिला नमुना ठरवले. इतरांच्या मते त्या काड्या वंगण धरून ठेवण्यासाठी असाव्यात. खाचांत सैल बसलेल्या काड्या भाराखाली आसाशी समांतर राहून फिरत राहतील हे संभवनीय वाटत नाही, म्हणून दुसरे मत अधिक सावध ठरते. पेटंटचा स्पष्ट लेखी पुरावा मिळतो तो १७९४ चा. त्या वर्षी वेल्समधील कारमार्थन येथील लोहव्यावसायिक फिलिप व्हॉन याने गाडीच्या आसासाठी गोळ्यांच्या बेअरिंगचे पेटंट घेतले. पॅरिसच्या झ्यूल सुरिरे याने १८६९ मध्ये सायकलसाठी तसेच पेटंट मिळवले. तरीही एकसारख्या मापाचे गोळे घाऊक तयार होईपर्यंत ही कल्पना व्यवहारात उतरणे कठीण होते, आणि ते काम जर्मनीतील श्वाइनफुर्टच्या फ्रीड्रिख फिशर याच्या १८८३ च्या गोळे घासण्याच्या यंत्राने केले. निमुळत्या रुळांच्या बेअरिंगचे हेन्री टिमकेनचे पेटंट १८९८ चे आहे.

जुन्या गाड्यांत दोन सुटी बेअरिंगे असत आणि नट आवळून त्यांतील सैलपणा नियंत्रित करता येई. आजच्या कौटुंबिक गाड्यांत बहुधा दुहेरी रांगेचे, कारखान्यातच ग्रीस भरून बंद केलेले बेअरिंग असते. काहींत ते नकलमध्ये (चाकाला सस्पेन्शनशी जोडणाऱ्या धातूच्या भागात) दाबून बसवतात, तर काहींत तुंबा आणि बेअरिंग एकजीव असून अख्खा संच बोल्टांनी बसतो. अशा बेअरिंगमध्ये पुन्हा ग्रीस भरता येत नाही. गोळ्यांच्या बेअरिंगचे आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असते, हे लुंडबर्ग व पामग्रेन या स्वीडिश संशोधकांनी १९४७ मध्ये मांडलेले सूत्र येथेही लागू पडते. त्यानुसार भार दुप्पट झाला तर अपेक्षित आयुष्य एक अष्टमांशावर येते. प्रत्यक्षात मात्र धातूच्या थकव्याआधीच सील फाटून शिरलेले पाणी किंवा खड्ड्याच्या धक्क्याने वाटीवर (गोळे ज्यावरून फिरतात त्या कड्याच्या पृष्ठभागावर) उमटलेले ठसे बेअरिंगचा घात करतात. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून व नाग नदीला पूर येऊन नागपुरात असंख्य गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. अशा गाडीच्या चारही बेअरिंगांची तपासणी आवश्यक ठरते, कारण आतला गंज काही महिन्यांनी आवाज करू लागतो.

निदानात सर्वाधिक चुका टायरच्या आवाजामुळे होतात. शहरातील सिमेंट रस्त्यांवर आणि समृद्धी महामार्गावर असमान झिजलेला टायर बेअरिंगसारखाच घुमतो. टायरचा आवाज डांबरी रस्त्यावर बदलतो, बेअरिंगचा सहसा बदलत नाही. बेअरिंगचा आवाज गाडीच्या वेगाबरोबर वाढतो आणि चालत्या गाडीत गिअर न्यूट्रल केला तरी टिकतो. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर जातो, म्हणून त्या वेळी आवाज वाढल्यास उजव्या बाजूचा संशय घ्यावा. दुहेरी रांगेपैकी एकच रांग खराब असेल तर मात्र हा ठोकताळा उलटही पडतो. म्हणून गाडी उचलून, स्टँडवर ठेवून, चाक वरखाली धरून हलवावे. जाणवलेला खेळ (सैलपणा) ब्रेक दाबल्यावर नाहीसा झाला तर दोष बेअरिंगचा, राहिला तर बॉल जॉइंटचा (नकलला सस्पेन्शनशी जोडणाऱ्या गोलाकार सांध्याचा) असण्याची शक्यता अधिक. सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर बोटे ठेवून दुसऱ्या हाताने चाक फिरवल्यास खरखर बोटांना कळते. ही साधी पद्धत सर्वांत भरवशाची आहे.

बेअरिंग बदलताना एक्सल नट (आसाच्या टोकाचा नट) गाडी जमिनीवर असतानाच सैल करतात, पण त्या स्थितीत गाडी ढकलत नाहीत. कॅलिपर (ब्रेकचे पॅड दाबणारा भाग) तारेने टांगतात. ब्रेकच्या नळीला लटकवत नाहीत. दाबून बसवायचे बेअरिंग प्रेस मशीनवरच बसवावे, आणि नकलमध्ये बसवताना दाब फक्त बाहेरील कड्यावर द्यावा. आतील कड्यावर दिल्यास तो गोळ्यांतून जातो आणि नवे बेअरिंग पहिल्याच दिवशी ठसे घेऊन रस्त्यावर येते. हातोड्याने ठोकून बसवण्याचा परिणामही तोच. तुंबा दाबताना आतील कड्याला खालून आधार लागतो. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाके अडकू न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत बेअरिंगची चुंबकीय पट्टी असलेली बाजू सेन्सरकडे हवी, ती उलटी बसल्यास सेन्सरला चाकाच्या वेगाचा संकेत मिळत नाही. एक्सल नट नवा घेऊन उत्पादकाने दिलेल्या मापाने टॉर्क पान्यानेच आवळावा, आणि स्ट्रटचे (स्प्रिंग व शॉक-अॅब्सॉर्बरच्या संचाचे) बोल्ट काढले असल्यास चाकांचे अलाइनमेंट (चाकांचे कोन) तपासून घ्यावे.