वयोगटाची तारीख आणि शालेय फुटबॉल: पार्श्वभूमी

सांगली आणि सातारा जिल्ह्यांत मुलांचे फुटबॉल म्हणजे मुख्यतः शाळेचे फुटबॉल. शेजारी कोल्हापुरात पेठांचे आणि तालमींचे संघ आहेत, मिरजेतही हा खेळ जुना आहे. कराड, विटा, फलटण किंवा जतच्या मुलासमोर मात्र तालुका, जिल्हा, कोल्हापूर विभाग आणि मग राज्य अशी शालेय स्पर्धांचीच वाट असते. दहावी-बारावीच्या वाढीव क्रीडागुणांचा हिशेबही याच स्पर्धांवर होतो. मोठ्या शहरात शाळेच्या संघातून वय उलटून बाहेर पडलेला मुलगा अकादमीत किंवा क्लबमध्ये खेळत राहतो. इथे तो बहुधा बूट काढून ठेवतो.

शालेय गट १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे आहेत आणि निवड जन्मवर्षावर होते. २०२४-२५ मध्ये १४ वर्षांखालील गटासाठी जन्म १ जानेवारी २०११ रोजी किंवा त्यानंतरचा हवा होता, १७ वर्षांखालील गटासाठी १ जानेवारी २००८ रोजी किंवा त्यानंतरचा. म्हणजे ३१ डिसेंबर २०१० ला जन्मलेला मुलगा थेट मोठ्या गटात गेला, जवळपास तीन वर्षांनी मोठ्या मुलांसमोर. एकाला मिसरूड फुटलेली, दुसऱ्याचा आवाजही फुटलेला नाही, आणि चेंडूसाठी खांद्याला खांदा भिडवायचा दोघांनी.

शाळेचे वर्ष मात्र जूनमध्ये सुरू होते आणि पहिलीच्या प्रवेशासाठी वय मोजण्याची तारीख गेल्या दशकात सरकली आहे: आधी ३१ जुलै, मग ३० सप्टेंबर आणि २०२१-२२ पासून ३१ डिसेंबर. हे निर्णय घेताना फुटबॉलचा विचार कोणाच्या मनात असण्याचे कारण नव्हते. परिणाम मैदानावर होतो तो असा. ३० सप्टेंबरच्या हिशेबाने एका वर्गात साधारण ऑक्टोबर ते पुढचा सप्टेंबर या काळात जन्मलेली मुले येतात. त्यांतली ऑक्टोबर ते डिसेंबरची मुले वर्गात सर्वांत मोठी, पण जन्मवर्ष आधीचे, म्हणून वर्गमित्रांच्या एक वर्ष आधीच १४ च्या गटातून बाहेर. जोवर गटात असतात तोवरही त्यांची तुलना होते ती त्याच वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेल्या, वरच्या इयत्तेतल्या मुलांशी. वर्गात थोरली आणि संघात धाकटी, अशी ही मुले ट्रायलला मागे पडतात, आणि क्रीडाशिक्षकाला त्यात काही वावगे दिसतही नाही, कारण त्याच्या यादीत फक्त जन्मतारीख आणि इयत्ता असते.

आंतरराष्ट्रीय फुटबॉलमध्येही आज जन्मवर्ष हेच माप आहे. २० वर्षांखालील पहिली जागतिक स्पर्धा १९७७ मध्ये ट्युनिशियात झाली, १६ वर्षांखालील १९८५ मध्ये चीनमध्ये. हीच स्पर्धा १९९१ पासून १७ वर्षांखालील झाली. १९९७ मध्ये जागतिक संघटनेने वय मोजण्याची तारीख १ ऑगस्टवरून १ जानेवारीवर आणली. बेल्जियममधल्या संशोधकांनी या बदलाच्या आधीची आणि नंतरची मुले तपासली. आधी निवडलेल्या संघांत ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये जन्मलेल्यांचा भरणा होता, नंतर तो जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेल्यांचा झाला. एवढ्या थोड्या काळात मुलांचे पाय बदललेले नव्हते. बदलली होती ती फक्त तारीख. कॅनडातल्या आइस हॉकीत हाच कल १९८० च्या दशकातच नोंदला गेला होता.

हे माहीत असूनही २०१५ मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय संघटनेने देशभरच्या मुलांचे गट ऑगस्ट ते जुलैऐवजी जानेवारी ते डिसेंबर असे करण्याचा निर्णय घेतला आणि २०१७ पर्यंत तो सर्वांवर बंधनकारक झाला. आंतरराष्ट्रीय गटांशी मेळ आणि थोरल्या-धाकट्या मुलांतली तफावत कळण्यास मदत, अशी कारणे दिली गेली. पहिले कारण खरे होते, पण ते ज्यांना देशाकडून खेळायचे आहे अशा मूठभर मुलांपुरते. दुसरे पटत नाही: बारा महिन्यांचा गट कुठूनही कापला तरी थोरला आणि धाकटा यांत बारा महिन्यांचेच अंतर राहते. प्रत्यक्षात वर्षानुवर्षे एकत्र खेळणारे संघ एका हंगामात फुटले. वर्गातले मित्र वेगळ्या गटांत गेले. एकाच संघातली अर्धी मुले हायस्कूलला जाऊन तिथल्या संघात खेळू लागली की खालच्या इयत्तेत राहिलेल्यांना त्या हंगामात संघच उरेना. पालकांची तक्रार खेळाच्या दर्जाबद्दल कमी आणि मित्र तुटल्याबद्दल जास्त होती. ती हळवी म्हणून बाजूला सारली गेली हे चूक होते, कारण दहा वर्षांचे मूल मैदानावर येते ते मित्रासाठीच. २०२४ च्या अखेरीस राष्ट्रीय संघटनेने सक्ती मागे घेतली. मुलांच्या फुटबॉलमधल्या तिथल्या मोठ्या संघटनांनी २०२६-२७ च्या हंगामापासून पुन्हा १ ऑगस्टची तारीख धरायचे ठरवले. इंग्लंडने १ सप्टेंबर आणि जपानने २ एप्रिल या शाळेला धरून असलेल्या तारखा सोडल्याच नव्हत्या.

धाकट्या मुलांसाठी तारखेपलीकडचे उपायही झाले आहेत. इंग्लंडमधल्या अकादम्यांनी २०१५ च्या सुमारास शरीराच्या वाढीनुसार गट करून सामने घेऊन पाहिले. आपल्याकडे लक्ष राहिले ते वयचोरीवर. २०१० मध्ये देशात त्याविरुद्ध आचारसंहिता आली, डाव्या मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचे वय काढणे रुळले. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये गुरुजींनी १ जून लिहून टाकलेल्या पिढ्या पाहिलेल्या भागात ही तपासणी गरजेची होतीच. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी तर आता जन्मदाखला हाच वयाचा पुरावा आहे. पण खरे वय सिद्ध झालेल्या डिसेंबरच्या मुलाला यातून काही मिळत नाही.

गटांचा गुंता अजून वाढला आहे. १९६० पासून चालत आलेल्या सुब्रतो मुखर्जी चषकात, म्हणजे शाळांच्या देशपातळीवरच्या फुटबॉल स्पर्धेत, मुलांचा लहान गट पूर्वी १४ वर्षांखालील होता, आता तो १५ आहे. शालेय स्पर्धांत तो १४ च राहिला. एकच मैदान, एकच शिक्षक आणि चेंडूंची एकच जाळी असलेल्या शाळेला एका हंगामात दोन वेगळे संघ बांधावे लागतात. तरीही १४ ते १७ मधली उडी थोडी कमी करणारा हा बदल मुलांच्या बाजूचा आहे.

३१ डिसेंबरच्या प्रवेशतारखेमुळे महाराष्ट्रात योगायोगाने इयत्ता आणि जन्मवर्ष जुळू लागले आहे. २०१६ मध्ये जन्मून २०२२ मध्ये पहिलीत आलेली मुले २०२९-३० मध्ये आठवीत असतील आणि १४ च्या गटाचे त्यांचे शेवटचे वर्षही तेच असेल. अडचण आहे ती मधल्या तुकडीची. २०२१ च्या जूनमध्ये पहिलीत आलेल्यांत ऑक्टोबर २०१४ ते डिसेंबर २०१५ अशा पंधरा महिन्यांतली मुले आहेत. त्यांतल्या २०१४ च्या मुलांचे १४ वर्षांखालील शेवटचे वर्ष २०२७-२८, म्हणजे सातवी. माण, खटाव, आटपाडी, जतच्या वाड्यावस्त्यांवरून जिल्हा परिषदेची सातवी करून आठवीला हायस्कुलात येणाऱ्या मुलाला फुटबॉलचा संघ बहुधा तिथेच पहिल्यांदा भेटतो. ही मुले जून २०२८ मध्ये तिथे पोहोचतील तेव्हा लहान गटाचे दार त्यांना बंद झालेले असेल आणि बाकावर शेजारी बसणाऱ्याला उघडे असेल. तालुक्याच्या याद्या तयार होण्याआधी ऑक्टोबर ते डिसेंबर २०१४ या तीन महिन्यांत जन्मलेल्या या मुलांसाठी एका वर्षाची सवलत ठरवायला अजून वेळ आहे.