एमएफएन काढणं वेगळं, व्यापार बंद करणं वेगळं

पाकिस्तानचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतंच, '2019 मध्ये आपण एमएफएन काढून व्यापार बंद केला.' एमएफएन म्हणजे व्यापारात एका देशाने दुसऱ्याला द्यायचा एक दर्जा. एका वाक्यात दोन गोष्टी कोंबल्या आहेत, आणि त्या दोन्हींमध्ये सहा वर्षांचं अंतर आहे.

व्यापारबंदी म्हणजे काय हे सांगायला नको. भारताने ती घातली 2 मे 2025 रोजी, पहलगामच्या हल्ल्यानंतर. पाकिस्तानात तयार झालेला किंवा तिथून निघालेला माल आणायचा नाही, थेट नाही आणि तिसऱ्या देशामार्गेही नाही. जूनमध्ये न्हावाशेवाला 39 कंटेनर पकडले गेले. दुबईमार्गे आलेली पाकिस्तानी खारीक होती त्यात. बंदी म्हणतात ती ही.

घोळ आहे तो एमएफएनचा, आणि तो नावापासूनच सुरू होतो. 'मोस्ट फेवर्ड नेशन'. आपल्याकडे त्याचं 'सर्वाधिक पसंतीचं राष्ट्र' झालं, मग चर्चांमध्ये 'खास मित्राचा दर्जा' झालं. हे भाषांतर कायमचं बाद करावं, असं माझं ठाम मत आहे. गॅट या जागतिक व्यापार कराराचं पहिलंच कलम सांगतं की एका देशाच्या मालाला जो कमीत कमी कर लावाल, तोच बाकी सगळ्या सदस्यांना लावा. यात लाड कुठेच नाहीत, सगळे एका रांगेत. अमेरिकेने तर 1998 मध्ये आपल्या कायद्यातलं हे फसवं नाव काढून 'सामान्य व्यापारसंबंध' असं ठेवलं. खरी सवलत पाहायची तर साफ्टा करारात पाहा. सार्क देशांना आपसात त्याहूनही कमी कर लागतो तो तिथे.

भारताने पाकिस्तानला हा दर्जा 1996 मध्ये दिला. पाकिस्तानने उलट दिला नाही. 2011 मध्ये तिथल्या मंत्रिमंडळाने तत्त्वतः होकार दिला, पण 'भारत आमचा सर्वात लाडका' असं आपल्याच लोकांना कोण सांगणार? म्हणून 'भेदभावविरहित बाजारप्रवेश' असं सोज्वळ नाव शोधलं. तरीही घोषणा झालीच नाही.

आता फेब्रुवारी 2019. पुलवामानंतर दुसऱ्या दिवशी, 15 तारखेला, तेव्हाचे अर्थमंत्री अरुण जेटलींनी दर्जा काढल्याचं जाहीर केलं. त्याने अटारीच्या नाक्यावर करात एका पैचाही फरक पडला नाही. दर्जा काढणं म्हणजे 'आता आम्ही तुम्हाला वेगळा कर लावू शकतो', एवढंच. तो कर प्रत्यक्षात लावायला वेगळी अधिसूचना लागते. सीमाशुल्क दर कायद्याच्या कलम 8अ खाली ती निघाली 16 तारखेला, आणि सगळ्या पाकिस्तानी मालावर 200 टक्के शुल्क बसलं. इ-राजपत्रात ती चढली रात्री 8 वाजून 46 मिनिटं 58 सेकंदांनी. ही सेकंदं मी उगीच मोजत नाही. त्याच दिवशी आधी ज्यांच्या मालाची कागदपत्रं दाखल झाली होती, त्यांच्याकडेही सीमाशुल्क खात्याने 200 टक्के मागितले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि सप्टेंबर 2020 मध्ये आयातदार जिंकले. आणि हो, शुल्क भरतो तो भारतीय आयातदार, पाकिस्तान सरकार नव्हे. हेही दर वेळी सांगावं लागतं.

इतक्या शुल्काने आयात जवळपास आटली हे खरं. 2017-18 मध्ये ती सुमारे 49 कोटी डॉलर होती, 2019-20 मध्ये दीड कोटीच्याही खाली आली. पण भारताची निर्यात चालूच होती. ती थांबली ऑगस्टमध्ये, 370 कलमाच्या निर्णयानंतर, आणि थांबवली पाकिस्तानने. म्हणजे '2019 मध्ये व्यापार बंद झाला' इतपत बरोबर आहे, पण 'आपण केला' यातला कर्ता चुकतो. त्यातही औषधांना पुढच्याच महिन्यात वाट मोकळी करून द्यावी लागली.

या घोळाने कुणाचं बिघडत नाही, म्हणून तो टिकतो. इकडे 'दर्जा काढला' म्हटलं की मोठी शिक्षा केल्यासारखं वाटतं, तिकडे 'दर्जा देणार नाही' म्हटलं की बाणा दिसतो. नेत्यांचं काम शब्दावरच भागतं. शब्दावर विसंबायचं कुणी, तर व्यापाऱ्याने. 31 मार्च 2021 रोजी पाकिस्तानच्या अर्थमंत्र्यांनी भारताकडून साखर आणि कापूस आणायला परवानगी जाहीर केली. दुसऱ्याच दिवशी त्यांच्याच मंत्रिमंडळाने ती रोखली.

जाता जाता: डिसेंबर 2024 मध्ये 'स्वित्झर्लंडने भारताचा एमएफएन काढला' अशी ओरड झाली होती. त्याचा यातल्या कशाशीच संबंध नाही. ते दुहेरी करआकारणी टाळण्याच्या करारातलं कलम होतं आणि त्यामुळे लाभांशावरचा कर 5 टक्क्यांचा 10 टक्के झाला. स्विस घड्याळांचं शुल्क होतं तिथेच राहिलं.