जीकेईच्या नोडवर एसएसएच : पात्रता, लागणाऱ्या परवानग्या आणि प्रक्रिया

कुबरनेटिस ही कंटेनरमधली अ‍ॅप्लिकेशन अनेक मशीनवर चालवणारी प्रणाली. त्या मशीनच्या समूहाला क्लस्टर म्हणतात आणि त्यातल्या एकेका मशीनला नोड. गुगलच्या कुबरनेटिस सेवेत, म्हणजे जीकेईत, प्रत्येक नोड हे कॉम्प्युट इंजिनचं (गुगलच्या भाड्याच्या सर्व्हर सेवेचं) एक व्हर्च्युअल मशीन असतं. म्हणून स्टँडर्ड क्लस्टरच्या नोडवर एसएसएचने, म्हणजे दूरच्या मशीनवर सुरक्षितपणे लॉगिन करायच्या पद्धतीने, जाता येतं. नोड गुगलच सांभाळतं त्या ऑटोपायलट क्लस्टरमध्ये मात्र ही सोयच नाही. तिथे कितीही परवानग्या मिळवल्या तरी उपयोग नाही.

पॉड (नोडवर एकत्र चालणारे एक किंवा अधिक कंटेनर) सारखा बंद पडतोय एवढ्यासाठी नोडवर जायची गरज नसते, त्याचे लॉग आणि ‘कुबेक्टल डिस्क्राइब’ ही आज्ञा पुरते. नोड ‘नॉट रेडी’ दाखवतोय, डिस्क भरली आहे किंवा क्युबलेटच (नोडवर पॉड चालवणारा प्रोग्रॅम) अडकलाय, अशा वेळीच परवानगी मागा.

कोणाला मिळते, काय लागतं

मागणी प्रोजेक्टच्या अ‍ॅडमिनकडे करायची. नोडवर ओएस लॉगिन, म्हणजे गुगल खात्याच्या परवानग्यांवर एसएसएच देण्याची सोय, चालू असेल (असावंच, कारण त्यात कोण आत शिरलं ते खात्यानिशी कळतं) तर ‘कॉम्प्युट ओएस लॉगिन’ ही भूमिका, म्हणजे परवानग्यांचा संच, लागते. सुडो (अ‍ॅडमिनच्या अधिकाराने आज्ञा चालवणं) हवं असेल तर तिच्याऐवजी ‘कॉम्प्युट ओएस अ‍ॅडमिन लॉगिन’ मागा. हमखास राहून जाते ती ‘सर्व्हिस अकाउंट युजर’: नोड ज्या सर्व्हिस अकाउंटवर (माणसाच्या नव्हे, मशीनच्या खात्यावर) चालतो, त्यावर ही नसेल तर लॉगिन नाकारलं जातं आणि माणूस उगाच एसएसएचची किल्ली तपासत बसतो. कंपनीबाहेरच्या सल्लागाराला ‘ओएस लॉगिन एक्स्टर्नल युजर’ही लागते आणि ती ऑर्गनायझेशनच्या पातळीवरच देता येते, म्हणून त्याचा अर्ज लवकर टाका.

पोर्ट २२ चा प्रश्न

एसएसएच पोर्ट २२ वरून चालतं. बहुतेक ठिकाणी घोटाळा होतो तो इथे. डिफॉल्ट नेटवर्कमध्ये पोर्ट २२ साऱ्या जगाला उघडा ठेवणारा फायरवॉल नियम आयताच असतो. तो काढून टाका. त्याऐवजी आयडेंटिटी-अवेअर प्रॉक्सी, म्हणजे आयएपीचा बोगदा वापरा; त्यात आधी माणसाची ओळख तपासून मगच जोडणी पुढे जाते. त्यासाठी ३५.२३५.२४०.०/२० या आयएपीच्या आयपी पट्ट्यातून पोर्ट २२ वर येणारी वाहतूक चालू द्यायची आणि माणसाला ‘आयएपी-सिक्युअर्ड टनेल युजर’ ही भूमिका द्यायची. नोडला बाहेरचा आयपी नसला तरी काम होतं. भूमिकेला मुदतीची अट घालता येते. रात्रपाळीच्या माणसाला सकाळपर्यंतच प्रवेश हवा असेल तर तसाच द्या.

प्रत्यक्ष जोडणी

‘कुबेक्टल गेट नोड्स’ ही आज्ञा चालवून नोडचं नाव घ्या. मग ‘जीक्लाउड कॉम्प्युट एसएसएच’ या आज्ञेला ते नाव, झोन (मुंबईचं क्लस्टर असेल तर एशिया-साउथ१ मधला) आणि आयएपी बोगद्याचा पर्याय द्या. पहिल्या वेळी किल्ल्यांची जोडी आपोआप तयार होते आणि पासफ्रेज विचारला जातो. तो रिकामा सोडू नका. ओएस लॉगिनमध्ये पब्लिक किल्ली तुमच्या गुगल खात्याला जोडली जाते, प्रोजेक्टच्या मेटाडेटात पडून राहत नाही.

आत गेल्यावर बहुधा कंटेनर-ऑप्टिमाइज्ड ओएस, म्हणजे फक्त कंटेनर चालवण्यासाठीची गुगलची ऑपरेटिंग सिस्टिम, भेटेल. त्यात पॅकेज मॅनेजर नाही आणि रूट फाइलसिस्टिम फक्त वाचता येते. जास्तीची अवजारं लागली तर ‘टूलबॉक्स’ चालवा. क्युबलेटचे लॉग ‘जर्नलसीटीएल’ने, कंटेनर ‘क्रिक्टल’ने पाहा. तिथे हाताने केलेल्या दुरुस्तीवर विसंबू नका: ऑटो-रिपेअर किंवा अपग्रेडमध्ये नोड नव्याने बनतो आणि ती दुरुस्ती जाते. कायमचा बदल नोड पूलच्या (एकसारख्या नोडच्या गटाच्या) कॉन्फिगरेशनमध्येच करा आणि मुदत न घातलेली भूमिका त्याच दिवशी काढून घ्यायला अ‍ॅडमिनला सांगा.