ओ जीझस, आय हॅव प्रॉमिस्ड

इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चमधलं दृढीकरणाचं गीत, लेखक जॉन अर्नेस्ट बोड (१८१६–१८७४). दृढीकरणात बाळपणी बाप्तिस्मा झालेलं माणूस मोठेपणी बिशपसमोर, बाप्तिस्म्याच्या वेळी त्याच्या वतीने दिलेली वचनं स्वतःच्या तोंडाने पक्की करतं, १६६२ च्या प्रार्थनापुस्तकात बिशप तसं विचारतात आणि उमेदवार हो म्हणतो. ‘मी वचन दिलंय’ ही गीताची सुरुवात त्या होकारानंतर लगेच येते, म्हणून ते विधी झाल्यावर म्हटलं की जास्त भिडतं.

बोड ऑक्सफर्डचे, तिथल्या बॅम्प्टन या धर्मशास्त्रावरच्या व्याख्यानमालेचे १८५५ चे व्याख्याते. १८५७ ला तिथल्या कवितेच्या प्राध्यापकपदासाठी उभे होते पण कवी मॅथ्यू अर्नॉल्ड निवडून आले. १८६० पासून ते केंब्रिजशायरमधल्या कॅसल कॅम्प्स गावचे रेक्टर, म्हणजे तिथल्या चर्चचे मुख्य पाद्री होते, आणि बहुतेक ठिकाणी सांगितलं जातं की स्वतःच्या तीन मुलांच्या, म्हणजे एक मुलगी आणि दोन मुलगे यांच्या दृढीकरणासाठी त्यांनी हे साधारण १८६६ च्या सुमारास लिहिलं. छापील रूपाबद्दल मात्र दोन मतं आहेत. ज्युलियनचा स्तोत्रकोश १८६९ ची एस.पी.सी.के. या ख्रिस्ती प्रकाशन संस्थेच्या गीतसंग्रहाची पुरवणी धरतो, नंतरचे लोक त्याच संस्थेचं १८६८ चं सुटं पत्रक सांगतात. पत्रक आधी आणि पुस्तक नंतर हा क्रम जास्त पटतो, आणि तसं धरलं तर दोन्ही नोंदी एकमेकींना खोडत नाहीत.

मूळ कडवी सहा, पण आता चार-पाचच छापतात. जग सतत जवळ आहे, मोह दिसतात, तू त्याहून जवळ रहा, अशी ही प्रार्थना आहे. शेवटाकडे बायबलमधल्या योहान १२:२६ चं ‘मी जिथे आहे तिथे माझा सेवकही असेल’ हे वचन देवालाच आठवण करून दिल्यासारखं येतं, म्हणजे माणसाच्या वचनाला देवाचं वचन जोडलेलं. हे फार सुंदर बांधलंय.

आता चाल. छंद सात-सहा-सात-सहा अक्षरांचा, दुप्पट केलेला, आणि प्रत्येक ओळ आघात नसलेल्या अक्षराने उचलली जाते, म्हणून संगीतात आधी अर्धवट ठोका आणि मग सम. या मापाच्या चाली इंग्रजीत ढिगाने आहेत त्यामुळे गीताला एकच ठरलेली चाल चिकटलीच नाही. अमेरिकेत बरेच लोक एंजल्स स्टोरी नावाची चाल गातात, ती केंब्रिजच्या किंग्स कॉलेजचे ऑर्गनवादक आर्थर हेन्री मान यांची, १८८१ ला मेथॉडिस्ट संडे स्कूलच्या पुस्तकात आलेली, आणि मुळात देवदूतांच्या गोष्टीच्या एका वेगळ्याच गीतासाठी केलेली, नाव तिथून आलं. बेसिल हारवूड यांची थॉर्नबरी (१८९८) लंडनच्या चर्च कॉयरांच्या मोठ्या मेळाव्यासाठी लिहिलेली, तीही दुसऱ्या गीताला. ऐकायला भव्य, पण इथले शब्द एकट्या माणसाचे, ‘मी’ आणि ‘तू’ असे, ते तिच्यात दबतात असं वाटतं. त्यामानाने वुल्वरकोट जास्त जुळते. डब्ल्यू. एच. फर्ग्युसन या शाळामास्तर पाद्र्याची ती चाल, १९१९ च्या पब्लिक स्कूल हिम बुकमधली, नाव ऑक्सफर्डजवळच्या गावाचं. पुस्तक शाळांचं, म्हणजे ज्या वयाची मुलं दृढीकरणाला उभी राहतात त्याच मुलांच्या गळ्यासाठी बेतलेली. फिनलंडच्या लोकधुनेवरची निलंड ही डेव्हिड इव्हान्स यांनी १९२७ मध्ये साथीच्या स्वरांची जोड देऊन आणली.

१९६० मध्ये जेफ्री बोमाँट यांनी हॅथरॉप कॅसल ही चाल दिली, आणि वाद तिच्यावर झाला. बोमाँट पाद्री, १९५६ च्या, लोकप्रिय संगीताच्या ढंगातल्या ‘मास’मुळे, म्हणजे प्रभुभोजनाच्या उपासनेच्या संगीतामुळे गाजलेले. चाल नाचरी, ठोक्याच्या अलीकडे-पलीकडे उड्या मारणारी, नाट्यगृहातल्या गाण्यांच्या वळणाची. गंभीर वचनाला हे शोभत नाही असं म्हणणारे आहेत, पण तरुणांच्या गळ्यात ती पटकन बसते हेही खरंच आहे, आणि दृढीकरण तर बहुधा त्यांचंच असतं.