जिंकलेली टीम बदलली: पैलवान बदलला की डाव?

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर फुटबॉलची टीम उतरली आणि मागच्या मॅचला गोल मारलेला पोरगा बेंचवर दिसला, की गॅलरीतून आवाज ठरलेला: "जिंकलेली टीम कशाला फोडली रं?" हा प्रश्न पोटतिडकीचा असतो, कारण पेठेचा जीव त्या अकरा जणांत अडकलेला असतो. पण त्यात दोन वेगळे बदल एकत्र होतात, आणि तसे ते झाले की कोच बरोबर होता की चुकला, हे सांगताच येत नाही.

आपल्याकडच्या कितीतरी टीम आजही तालमीचं नाव लावतात, म्हणून तालमीच्याच भाषेत सांगतो. पहिल्या प्रकारात पैलवान बदलतो, डाव तोच राहतो. लेफ्ट बॅकच्या, म्हणजे डावीकडच्या बचावपटूच्या जागी दुसरा लेफ्ट बॅक येतो, काम तेच, फक्त पाय ताजे. याला रोटेशन म्हणतात. दुसऱ्या प्रकारात डावच बदलतो: एक विंगर (कडेनं चढाई करणारा) कमी करून मधल्या फळीत माणूस वाढवला, किंवा डिफेन्समध्ये दोनाऐवजी तीन सेंटर बॅक (मधले बचावपटू) उभे केले. रोटेशनचं कारण आपल्या पोरांच्या पायांत असतं. डाव बदलण्याचं कारण समोरच्या टीममध्ये असतं.

१९६६ चा वर्ल्ड कप या वादात हमखास निघतो. फ्रान्सविरुद्ध इंग्लंडचा स्ट्रायकर जिमी ग्रीव्ह्जच्या नडगीला लागलं, टाके पडले, आणि पुढच्या मॅचला जेफ हर्स्ट आत आला. क्वार्टर फायनलला अर्जेंटिनाविरुद्ध एकमेव गोल त्याचाच. फायनलपर्यंत ग्रीव्ह्ज बरा झाला होता, तरी कोच आल्फ रॅम्सींनी तीच टीम ठेवली, आणि हर्स्टनं पश्चिम जर्मनीविरुद्ध तीन गोल केले. "बघा, जिंकलेली टीम बदलू नये," असं लोक इथंच थांबून म्हणतात. पण थोडं मागं जाऊन बघा. गटातल्या तीन मॅचला रॅम्सींनी तीन वेगवेगळे विंगर खेळवले. मेक्सिको आणि फ्रान्स, दोघांनाही २-० नं हरवल्यावर क्वार्टर फायनलला विंगर काढून ॲलन बॉलला आणलं. म्हणजे हर्स्ट आला तो पैलवानाचा बदल, दुखापतीनं लादलेला. बॉल आला तो डावाचा बदल, जिंकलेल्या टीममध्ये विचार करून केलेला. पुढच्या तीन मॅच जी टीम अजिबात बदलली नाही, ती या दोन बदलांतूनच तयार झाली होती.

२०२२ च्या वर्ल्ड कपमध्ये अर्जेंटिनाचे कोच लिओनेल स्कालोनींनी हेच जास्त धाडसानं केलं. आपल्या पेठांतले अर्जेंटिनावाले त्या महिन्यात मेस्सीपलीकडं काही बोलत नव्हते, पण मला वाटतं तो कप टीमच्या यादीतही जिंकला गेला. नेदरलँड्ससमोर तीन सेंटर बॅक. पुढं क्रोएशियाविरुद्ध त्यातला लिसांद्रो मार्टिनेझ बाहेर आणि मधल्या फळीत परेदेस. ती मॅच ३-० नं जिंकली, तरी फायनलला परेदेस बाहेर आणि डी मारिया आत, तोही नेहमीची उजवी बाजू सोडून डावीकडं. त्या बाजूनं फ्रान्सचा बचाव उघडला: पहिली पेनल्टी डी मारियानं मिळवली, दुसरा गोल त्यानंच केला. चौसष्टाव्या मिनिटाला तो बाहेर गेला आणि ऐंशीव्या मिनिटापासून फ्रान्सच्या एम्बापेनं दोन मिनिटांत दोन गोल फेडले. शेवटी पेनल्टी शूटआऊटवर कप आला.

खरी फसगत होते ती एका बदलात दुसरा लपून येतो तेव्हा. उंच स्ट्रायकर दमला म्हणून बसवला, त्याच्या जागी चपळ, बुटका पोरगा आला. कागदावर हे रोटेशन. पण मागून बॅक अजून उंच बॉल टाकतायत, समोरचा डिफेंडर आरामात डोकं लावतोय, आणि गॅलरी त्या पोराला शिव्या घालतेय. चूक पोराची नाही. पैलवानासोबत डावही बदलला होता, आणि उरलेल्या दहा जणांना ते कुणी सांगितलंच नव्हतं. बेंचवर तसाच पर्याय नसेल, तर कोचनं आधी सरावात पायातला पास पक्का करून घ्यावा. तेही जमत नसेल, तर दमलेल्यालाच खेळवून साठाव्या मिनिटाला काढावं.

मे महिन्यात उन्हातल्या मॅचला सत्तराव्या मिनिटाला विंगरकडं बघा. सॉक्स घोट्यापर्यंत उतरवलेले, हात गुडघ्यावर, बॉल गेला तरी मागं पळायचं सोडून चालत येतोय. मॅच तो जिंकला असेल, पण दोन दिवसांनी सेमी असेल तर त्याला सुरुवातीला बसवणाऱ्या कोचवर मी ओरडणार नाही. मात्र सगळे ताजेतवाने आहेत, समोरची टीम आपण आधी हरवलेलीच आहे, आणि तरीही कोचनं मधली फळी विस्कटली, तर गॅलरीतला तो प्रश्न रास्त आहे. मग मीही उभा राहून तोच विचारेन.