कुलूपबंद घरं आणि माणशी हिशेब

२००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या ९.६९ कोटींवरून ११.२४ कोटींवर गेली. रत्नागिरी जिल्ह्यात मात्र माणसं कमी झाली. १६,९६,७७७ होती, ती १६,१५,०६९ उरली. सिंधुदुर्गातही १९ हजारांची घट झाली. राज्यात अशी घट आणखी फक्त मुंबई शहर जिल्ह्यात दिसली. कोकणातल्या ग्रामपंचायतींचे विकास आराखडे समजून घ्यायचे, तर हे आकडे आधी पाहायला हवेत.

याची मुळं मुंबईच्या गिरण्यांपर्यंत जातात. घरातला पुरुष चाकरमानी, घर चालायचं मनीऑर्डरीवर, आणि भाताची लावणी-कापणी बायकांच्या नि म्हाताऱ्यांच्या अंगावर. २०११ मध्ये रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, राज्यात ९२९. या आकड्याचं कौतुक होतं तेव्हा वाईट वाटतं, कारण त्यात गावाबाहेर गेलेले पुरुष लपलेले आहेत. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, तरी माणसं फारशी परतली नाहीत. पुढे कुटुंबंच्या कुटुंबं विरार, दिवा, डोंबिवलीकडे गेली.

नियोजन या बदलाच्या मागेच राहिलं. १ मे १९६२ ला राज्यात पंचायत राज आलं, पण योजना बहुतेक वरूनच ठरत. गावाने स्वतःचा आराखडा करायचा, ही गोष्ट ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ मध्ये घटनेत आली. पैसा थेट हातात आला तो २०१५ पासून, केंद्राचा पैसा कसा वाटायचा ते सुचवणाऱ्या चौदाव्या वित्त आयोगामुळे, आणि त्याच वर्षी राज्यात गावाचा आराखडा गावानेच करायचा ‘आमचं गाव, आमचा विकास’ हा उपक्रम सुरू झाला. आयोगाने हे अनुदान राज्यांना वाटताना २०११ च्या लोकसंख्येला ९० टक्के वजन दिलं, क्षेत्रफळाला १०. दवाखान्याचा निकषही डोक्यांवरच: सपाटीवर ५ हजारांमागे एक उपकेंद्र, डोंगराळ भागात ३ हजारांमागे. विखुरलेल्या वाड्यांमधल्या सत्तरीच्या बाईला तिथवर चालत जाता येतं का, हे या हिशेबात कुठे येतच नाही.

ते दिसतं शिवारफेरीत, आराखड्याआधी गावकरी मिळून गाव फिरून पाहतात तेव्हा. अंगणात रांगोळीने गावाचा नकाशा काढतात, घराघरावर खुणा करतात. कुठे म्हातारी एकटी, कुठे पोरं शाळेतली, कुठे कुलूप. आराखड्याचं खरं काम इथे होतं, असं मला मनापासून वाटतं. तिथे बायका बोलल्या की रस्त्याआधी पाणी येतं, गोळ्या-औषधं येतात. सभा घाईत उरकली, तर जुनीच यादी पुन्हा कागदावर चढते.

२०२१ ची जनगणना लांबली, त्यामुळे गावं अजून २०११ चेच आकडे वापरतात. नव्या गणनेचा संदर्भ दिवस, म्हणजे ज्या दिवसाची लोकसंख्या धरली जाते तो, १ मार्च २०२७ आहे. शिमग्याची पौर्णिमा त्यानंतर तीन आठवड्यांनी येते. तेव्हा आणि गणपतीत बंद घरं उघडतील, वाडी भरेल, आणि विहिरीवरचा पंप दिवसभर चालवावा लागेल.